साळुबाईचं मोहोळ

पेटीची किल्ली मागायला साळुबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली तेव्हा बंगल्यात न्याहारी चालली होती. फोडणीचा वास ओट्यापर्यंत आला होता. भाचेसून हर्षालीने दारातून डोकावून पाहिलं, "आत्या, ह्ये खात्यात, थांबा जरा," म्हणाली आणि पडदा सोडून आत गेली. बसा म्हणाली नाही. साळुबाई उभीच राहिली. किल्लीसाठी ताटकळायची तिला सवय झाली होती, पण सवय झाली म्हणून बोचायचं काही थांबत नाही. आत भाचा आदेश फोनवर कुणाशी तरी मांडवाचं बोलत होता, मधेच हसत होता आणि चमचा ताटलीवर वाजवत होता. त्या चमच्याच्या आवाजावरून किती पोहे उरलेत ते बाहेरून सांगता येईल, इतक्या वेळा ती त्या ओट्यावर उभी राहिली होती.

किल्ली होती विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची. विहीर बापाची. ती खणली तेव्हा साळुबाई परकरी पोर होती आणि डिंगोरे गावच्या त्या खडकाळ रानातली माती-दगड तिने पाटीने डोक्यावर वाहिली होती. डोक्यावरचे केस चुंबळीने झिजले म्हणून आई रडली होती. पुढे गावात वीज आली, तेव्हा बापाने स्टार्टरसाठी सागाची पेटी करवून घेतली, चांगली लहान कपाटाएवढी. तिला कधी कुलूप नव्हतं. कुलूप गेल्या साली आदेशने घातलं. कोणीही उठून बटन दाबतं, मोटार जळली तर काय, असं त्याचं म्हणणं. त्या विहिरीवर आदेश, त्याचा बाप रखमाजी आणि साळुबाई यांच्याखेरीज चौथं माणूस फिरकत नसे. म्हणजे 'कोणीही' कोण, ते सांगायची गरज नव्हती.

साळुबाईला आंबेगाव तालुक्यात दिलं होतं, वर डोंगराला, धरणाच्या पाण्याच्या कडेला. पोरबाळ झालं नाही. नवरा गेला, दिरांनी हात झटकले, आणि ती गाठोडं घेऊन माहेरी आली. थोरला भाऊ रखमाजी तिला न्यायला स्वतः गेला होता, ते खोटं नाही. पहिले काही महिने ती माहेरवाशीण होती. मग बंगल्याची बातमी निघाली, कर्जासाठी उतारा लागला, उताऱ्यावर साळुबाईचं नाव दिसलं, आणि माहेरवाशीण एकदम अडचण झाली. जुन्नरला येऊन हक्क सोडल्याची सही कर, मग जन्मभर तुला सांभाळतो, असं रखमाजी भावकीच्या देखत म्हणाला.

"सांभाळायला मी काय शेरडू हाय, दादा?" साळुबाई म्हणाली होती.

रखमाजीच्या ते वर्मी लागलं. त्याने नदीकडचं निखळ दगडगोट्याचं अर्धा एकर तिच्या अंगावर फेकलं आणि करून दाखव म्हणाला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी ही भावंडं. तीही तडकून बोलून गेली की यंदा त्यात पीक नाही काढलं तर आपण होऊन जुन्नरला चालत जाईन आणि सही करीन. शब्द तोंडातून गेला आणि भावकीने तो झेलून ठेवला.

तिने त्या रानातच खोप घालून बिऱ्हाड केलं आणि बियाचा कांदा लावला. निवडून घेतलेले कांदे, वरची शेंडी कापून, औषधात बुडवून. दगडातून वाफे काढता काढता तिच्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं. माघात रानभर पांढरे गोंडे उभे राहिले, रस्त्याने जाणारे थांबून बघायला लागले. पण गोंडा फुलला म्हणजे बी धरलं असं होत नाही. त्यावर मधमाशी फिरावी लागते, आणि माशी कुठून आणायची? वरच्या अंगाला द्राक्षं, खालच्या अंगाला टोमॅटो, दिवसभर कुणाचा ना कुणाचा औषध फवारायचा ब्लोअर घोंगावत असायचा. पहिल्या बहराचे गोंडे वाळले. रखमाजी एकदा बांधावर आला, त्यातला एक गोंडा त्याने तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. सगळं उडून गेलं.

"पोचट," तो म्हणाला. वाईट तोंडाने नाही म्हणाला, जरा हळूच म्हणाला, आणि त्याचंच साळुबाईला जास्त लागलं.

तेव्हापासून ती रोज उन्हं वर आली की ओळीतून चालायची आणि दोन्ही तळव्यांनी एकेक गोंडा हलकेच चोळायची. एकाचा पिवळा भुगा दुसऱ्याला. पाठ मोडायची. हाताला कांद्याचा वास बसला तो भाकरीतही यायचा. माशीचं काम माणसाने करायचं म्हणजे ओंजळीने विहीर उपसायची, हे तिलाही कळत होतं.

किल्ली मिळाली ती आदेशचा हात पुसून झाल्यावर. उद्या त्याच्या धाकट्या पोराचं, शौर्यचं जावळ होतं, माणसं यायची होती. आत्या, लवकर आटपा आणि किल्ली लगेच आणून द्या, असं त्याने बजावलं. ती विहिरीवर गेली. कुलूप काढताना तिला दिसलं की केबल आत जायच्या भोकाशी चार-दोन माश्या घुटमळताहेत. आत जात होत्या, बाहेर येत होत्या, भोकाच्या कडेवरून पायी फिरत होत्या. पाणी प्यायला आल्या असतील म्हणून तिने लक्ष दिलं नाही. हिरवं बटन दाबलं आणि वाफ्यांची दारं धरायला पळाली.

दुपारी ती गोंडे चोळत होती तेव्हा आवाज आला. आधी तिला वाटलं ब्लोअरच. मग तो आवाज डोक्यावरून गेला आणि तिने वर पाहिलं. आभाळात माश्यांचा एक लोळ चालला होता, विरविरीत, आतल्या आत फिरणारा, तिच्या रानावरून थेट बंगल्याकडे. साळुबाईने हातातलं सगळं टाकलं, पदर खोचला आणि त्याच्यामागे धावत सुटली. पन्नाशी ओलांडलेली बाई वाफे तुडवत धावते आहे हे बघून टोमॅटो तोडणाऱ्या बायका उभ्या राहिल्या.

ती अंगणात पोचली तोवर तिथे पळापळ झाली होती. मोहोळ आंब्याच्या खालच्या फांदीला बसलं होतं. सगळ्या माश्या एकमेकींना धरून लोंबत होत्या, बुंधा भरून फणस लागावा तशा. नेमक्या त्याच फांदीखाली उद्याची चूल लागायची होती. जुन्नरचा मांडववाला परवेज शिडीवर होता तो एक चप्पल वरच सोडून उतरला होता आणि पाण्याच्या टाकीमागे उभा राहून सगळ्यांना हलू नका म्हणून सांगत होता. लहानपणी त्याला लेण्यांकडच्या आग्या मोहोळाने धरलं होतं. आचारी सावळेराम म्हणाला की मी या झाडाखाली चूल पेटवणार नाही, धूर गेला की हे उठणार. हर्षालीने पोराला आत नेऊन खिडक्या लावल्या होत्या.

आदेशने तोपर्यंत ठरवूनही टाकलं होतं. दिवस मावळला की टेंभा लावायचा, बांबूला चिंध्या बांधायच्या, डिझेलमध्ये बुडवायच्या, की पाच मिनिटांत खाली राख. टेंभा नको तर ब्लोअर होताच.

साळुबाई झाडाखाली गेली. आणि वर बघत तशीच उभी राहिली. लहान, काळसर, पट्ट्यापट्ट्यांची माशी. आग्या नव्हती, सातेरी होती. झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या पोकळीत अंधारात घर करणारी. सासरी डोंगरात तिने ती पुष्कळ पाहिली होती. जुन्या घरात माणसं फार झाली की अर्ध्या जणी राणीला घेऊन बाहेर पडतात, कुठेतरी घटकाभर टेकतात आणि नवं घर शोधायला चार हेर पाठवतात. सासू असं मोहोळ पाटीत धरायची. साळुबाईने ते बघितलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं.

"आत्या, मागं व्हा, आग्या हाय ती," आदेश ओरडला.

ती मागे झाली नाही. तिने ओसरीवरची बाज ओढत आणली, मोहोळाच्या बरोबर खाली टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसली. डोक्यापासून मोहोळ हातभर वर. दोन माश्या तिच्या खांद्यावर उतरल्या, चालल्या आणि उडून गेल्या.

"लाव आता टेंभा," ती म्हणाली.

आदेशने तिला आधी समजावलं, मग त्याचा आवाज चढला. चाळीस ताटं उठायची आहेत, पाहुणे काय म्हणतील, एखाद्या पोराला चावलं तर कोण बघणार, आणि तुमच्या कांद्यापायी आम्ही आमचं कार्य मोडायचं का. यातलं काही खोटं नव्हतं, आणि साळुबाईला ते कळत नव्हतं असंही नाही. ती म्हणाली की चूल चार पावलं लांब लावा, फांदीकडे धूर जाऊ देऊ नका, दगड मारू नका, हात हलवू नका. दिवस मावळताना मी हे घेऊन जाते. तोवर मी इथून उठणार नाही.

"आन चावलं म्हंजे?"

"न्हाई चावत. माझी सासू सांगायची, उतरलेली माशी चावत न्हाई. राखायला घर असंल तर चावंल ना? हिला घरच न्हाई." तिने बाजेवर मांडी सारखी केली. "ज्याला घर न्हाई त्याला जाळायला लई सोपं असतं, आदेश. म्हून मी हितं बसलीया."

रखमाजी इतका वेळ ओसरीच्या खांबाला टेकून होता. बहिणीकडे बघत नव्हता. बसू दे तिला, अंधार पडेपर्यंत बसू दे, एवढं बोलून आत गेला. मांडव त्या फांदीला वळसा घालून उभा राहिला. सावळेरामने चूल गोठ्याच्या बाजूला नेली. येणारी-जाणारी बाईमाणसं झाडाखाली बाज टाकून बसलेल्या बाईकडे बघून तोंडाला पदर लावत होती, आणि साळुबाई सगळ्यांकडे सरळ बघत होती.

उन्हं कलली तशी ती उठली. परसातला गवती चहा मूठभर उपटला, सासू करायची तसा पाटीला आतून चोळला. पाटी कोणती, तर खोपीत हाताला लागली ती. वर जायला शिडी परवेजची. परवेज शिडी द्यायला तयार होता, धरायला नाही.

"मावशी, शिडी घ्या, पर मी टाकीमागूनच बघतो," तो म्हणाला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, टेम्पोतून मांडवाच्या झालरीचा गुलाबी जाळीचा पडदा घेऊन आला आणि लांबूनच तिच्याकडे फेकला. "ह्यो डोक्यावरून घ्या. लग्नाचा हाय, फाडू नका तेवढा."

साळुबाईने गुलाबी जाळी डोक्यावरून घेतली, कमरेला खोचली आणि शिडी चढली. भीती होती ती होतीच, भीती नव्हती असं कुणी म्हणू नये. तिने पाटी उपडी धरून मोहोळाच्या वर फांदीला बांधली, काठ माश्यांना टेकेल अशी. ओंजळभर पाणी शिंपडलं. हातातल्या शेणकुटाचा धूर खालून दिला, अगदी नावापुरता. मग थांबली. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. खांदे भरून आले, घाम डोळ्यांत गेला, तो पुसायला हात हलवायचा नव्हता. आणि मग माश्या चढायला लागल्या. एक ओळ, मग दुसरी, मग सगळा घोस हळूहळू वर सरकला आणि अंधाऱ्या पाटीत शिरला. बाजारातून घरी परतणारी माणसं दारातून आत जावीत तशा मुकाट्याने. तिने पाटीखाली फडकं ओढून बांधलं, पाटी छातीशी धरून खाली आली आणि कुणाशी एक शब्द न बोलता रानाकडे चालू लागली. टाकीमागून परवेजने टाळी वाजवली आणि आदेशने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हात खिशात घातले.

बांधावरच्या बोरीखाली तीन दगडांवर तिने पाटी उपडी ठेवली, खालून वाट ठेवली आणि खोपीत येऊन पडली. त्या रात्री तिला झोप लागली ती पोरीच्या वयातली.

सकाळी ऊन पाटीवर आलं आणि माश्या बाहेर पडू लागल्या. साळुबाईला आनंद झाला, कामाला निघाल्या. पण त्या गोंड्यांवर गेल्या नाहीत. येतच राहिल्या, हवेत फिरू लागल्या, लोळ जमला आणि बांधावरून वर उठला. ती त्याच्याखाली धावली, पाणी उडवलं, हाका मारल्या, जशी काही त्यांना नावं होती. लोळ ओढ्याच्या झाडांआड गेला आणि दिसेनासा झाला. तिने पाटी उलटी केली. आत एक माशी उरली नव्हती. पाटीच्या बुडाला निळा डाग होता. लावणीच्या वेळी औषधात बुडवलेले कांदे तिने याच पाटीतून वाहिले होते. गवती चहा वरून, आणि खाली हा विषाचा वास. अख्खं अंगण अंगावर घेतलं, आणि शेवटी पाटी बघून घ्यायची सुचली नाही. तिने स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, खरोखरीचा, आवाज होईल असा.

जावळाच्या पंगतीत ती गोष्ट तिच्या आधी पोचली होती. नाकाने कांदे सोलणाऱ्या एका पाहुणीने विचारलं की आत्याबाई, मोहोळाला गुलाबी शालू नेसून गेलात म्हणे, तरी नांदलं नाही का? पंगत हसली. साळुबाईने मान खाली घालून वरण-भात कालवला. तिने पान पुसून खाल्लं, अर्धं टाकून उठली असती तर तीही गोष्ट झाली असती. हात धुताना रखमाजी शेजारी येऊन उभा राहिला आणि नळाकडे बघत म्हणाला की सोमवारी मला जुन्नरला काम आहे, तूही चल, उगा चार माणसांत शोभा नको.

"गोंडं अजून उभं हायती, दादा," ती म्हणाली. "पडलं की सांगते."

दुसऱ्या दिवशी ती किल्ली मागायला गेली नाही. त्या ओट्यावर आज उभं राहवणार नव्हतं. गोंड्यांना पाणी हवं होतं, तरी गेली नाही. भाकरी बडवत होती, तेवढ्यात विहिरीकडून आदेशची किंकाळी आली. ती बाहेर आली तर तो टोमॅटोच्या ताट्या मोडत, डोक्याभोवती टॉवेल फिरवत पळत होता. पेटीचं दार उघडं होतं.

साळुबाई विहिरीवर गेली, बाजूने, भोकासमोरून नाही. लांबूनच तिला दिसलं. पेटीत, बापाच्या सागवानी पेटीत, स्टार्टरच्या वरच्या पोकळीत मोहोळ बसलं होतं. छताला पांढऱ्या मेणाचा एक कोवळा तुकडा सुद्धा लागला होता. परवा भोकाशी घुटमळणाऱ्या त्या चार-दोन माश्या पाणी प्यायला नव्हत्या आल्या. घर बघायला आल्या होत्या. आदेशने दार खाडकन उघडलं, माश्या दिसल्या, टॉवेल मारला. आता त्यांना घर होतं, आता त्या चावल्या.

तिने दार हलकेच लोटलं आणि मटकन खाली बसली. रडली ती तिथे, कुणी नव्हतं तेव्हा.

आदेशचा एक डोळा मिटला आणि ओठ सुजून वर आला. तोंड फिरलं तरी हट्ट फिरला नव्हता. त्याने टेंभ्याचं काढलं, पण टेंभा लावला तर पेटी, स्टार्टर, केबल सगळंच जळणार. फवारा मारावा तर आत वीज जिवंत, ओलं औषध मारणाराच चिकटायचा. वीज बंद करून दुसरा स्टार्टर बाहेर बसवायला वायरमन बोलावला. त्याने बांधावरून पेटी बघितली, आदेशचं तोंड बघितलं आणि गाडीला किक मारली. त्याचा टोमॅटो ऐन तोडणीत होता, ऊन तापत होतं आणि पानं दुपारची मान टाकायला लागली होती.

दोन दिवसांनी सकाळी साळुबाई खोपीत भाकरी आणि कांद्याची पात खात बसली होती. दारात सावली पडली. रखमाजी होता. तिच्या खोपीच्या दारात तो आजवर आला नव्हता. पागोटं काढून हातात धरलं होतं, घाम आला होता म्हणून असेल.

"साळे," तो म्हणाला, "जरा मोटार चालू करून देती का?"

"खातीया, दादा. थांब जरा."

रखमाजी थांबला. बसायला तिथे काही नव्हतं. साळुबाईने घास मोडला, चटणीला लावला, नीट चावून खाल्ला. पातीची काडी चघळली. तिला घाई करावीशी वाटली, भाऊच तो, उन्हात उभा होता, छातीचं दुखणं होतं त्याला. पण तिने घाई केली नाही. भाकरीचा शेवटचा तुकडा ताटात फिरवून ताट पुसलं, तांब्याभर पाणी प्याली, आणि मगच उठली.

विहिरीवर तिने शेणकुटाची धुरी केली, दार हळू उघडलं, हात खालून आत घातला आणि हिरवं बटन दाबलं. माश्या गुणगुणल्या, बस. मोटार धडधडली आणि पाटात पाणी आलं. रखमाजी पाच-सहा हात लांब उभा होता. कडीत तसंच लटकत राहिलेलं कुलूप तिने काढून त्याच्याजवळ नेऊन दिलं.

"ह्ये घरी न्ये. कणगीला लाव."

मग तिने सांगून टाकलं. तिच्या पाळीला ती बटन दाबील, त्यांच्या पाळीलाही तीच दाबील, जीव असेतो दाबील. सांगायला मात्र खोपीच्या दारात यावं लागेल. आणि फवारा दिवस मावळताना. दिवसाउजेडी ब्लोअर फिरला की त्या दिवशी मोटार बंद.

"आदेश आयकायचा न्हाई," रखमाजी म्हणाला.

"मंग त्यानं पेटी उघडावी. मी कुठं अडीवलंय? पेटी बाची हाय. माझी न्हाई, त्याचीबी न्हाई."

आदेशने ऐकलं. डोळा उघडेपर्यंत ऐकलं, आणि पुढे सवय झाली म्हणून ऐकत राहिला. रोज सकाळी हर्षाली खोपीच्या दारात येऊन आत्या, पाणी सोडा म्हणून सांगू लागली. साळुबाई तिला बसायला पोतं टाकायची. माश्या तर दुसऱ्याच दिवसापासून गोंड्यांवर होत्या. ऊन पडलं की अख्खं रान हलकं गुणगुणायचं, आणि साळुबाई कमरेवर हात ठेवून बांधावर उभी राहायची. तिने पुन्हा एकही गोंडा हाताने चोळला नाही.

चैत्र सरता सरता गोंडे काढले, ताडपत्रीवर वाळवले आणि काठीने झोडपले. ती सुपाने पाखडत होती तेव्हा रखमाजी आला. मागे आदेश, जरा लांब, फोन बघतो आहे असं दाखवत. रखमाजी ढिगापाशी उकिडवा बसला. त्याने मूठभर उचललं, तळहातावर चोळलं आणि जुन्या सवयीने फुंकर मारली. फोलपट उडालं. काळंभोर, टोकदार, जड बी हातावर राहिलं.

साळुबाईचं सूप थांबलं होतं.

"आणखी एकदा फुंक, दादा," ती म्हणाली. "जोरात."

रखमाजीने तिच्याकडे पाहिलं. मग छाती भरून घेतली आणि फुंकली. हातावरचं बी जागचं हललं नाही.

साळुबाईने सूप पुढे केलं.

"आता ठिव ते हितं. माझं हाय."